औषध पिकावरच पडू दे: विहीर, ओढा आणि शेजाऱ्याचं शिवार वाचवायचं कसं

चार वर्षांमागं भाद्रपदात एका सकाळी आमच्या विहिरीतले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कोणी मुद्दाम काही टाकलं नव्हतं, करणी माझीच होती. आदल्या संध्याकाळी दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये किडीचं औषध कालवून ठेवलं होतं, मोटरचा पाईप बॅरलमध्ये बुडवून पाणी भरत होतो आणि तेवढ्यात लाईट गेली. फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या विहिरीतल्या टोकाचा, पाणी मागं न सोडणारा व्हॉल्व्ह) गळका होता, त्यामुळं पाईपमधलं पाणी खाली उतरलं आणि उतरताना बॅरलमधलं औषध ओढून घेऊन सरळ विहिरीत. मला पत्ताच नाही, मी आपला लाईट कधी येते बघत बांधावर बसलेला.

त्याआधी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, बारा वर्षं मशीनवर काढलेली, शेती म्हणजे रविवारी बाबांच्या मागं फिरणं एवढंच. बाबा गेल्यावर तीन एकर अंगावर आलं, थोडा ऊस, थोडं भात आणि भातानंतर मसूर, कडेला मिरची आणि कोबी. शिकवायला कोण नाही, दुकानदार सांगेल ते औषध आणि शेजारी मारतोय तेवढं खत. मला वाटायचं औषधानं प्रदूषण होतं ते फवारताना उडतं म्हणून. पण माझं सगळ्यात मोठं नुकसान पिकावर एक थेंब पडायच्या आधीच झालं होतं. त्यानंतर चुका करत, विचारत जे जमलं ते इथं लिहितोय, नवीन शेतीत उतरलेल्यांसाठी. जुन्या लोकांनी चूक दिसली तर सांगा.

१. आधी तुमच्या शेतातलं पाणी कुठं जातं ते बघून या

हे फुकट आहे आणि कोणी करत नाही. जोराचा पाऊस पडत असताना घोंगडी नाहीतर रेनकोट घेऊन एकदा बांधाबांधानं फिरा. पाणी कुठल्या कोपऱ्यात जमतं, कुठल्या बांधावरून उडी मारतं, कुठल्या पाटातून ओढ्याला मिळतं, हे वहीत काढून ठेवा. चित्र वाईट आलं तरी चालतं.

आमचं पाणी मार्कंडेय नदीला जातं. ती गोकाकजवळ घटप्रभेला मिळते आणि पुढं कृष्णेला. वरच्या अंगाला याच मार्कंडेयवर राकसकोप आहे, जिथून बेळगाव शहर पाणी पितं. खानापूरकडचं पाणी मलप्रभेत, ती कणकुंबीत उगवते आणि खाली नवीलुतीर्थच्या धरणातून हुबळी-धारवाडला पाणी जातं. निपाणी-चिकोडीवाल्यांचं वेदगंगा, दूधगंगा. म्हणजे आपण ओढ्यात जे सोडतो ते कोणाच्या तरी घागरीत जातंच, आणि तसं बघितलं तर आपल्याही घागरीत वरून कोणीतरी सोडलेलं येतंच असतं.

चित्रात तीन गोष्टींवर खूण करा: विहीर किंवा बोअर, ओढा किंवा पाट, आणि जनावरं पाणी पितात ती जागा. पुढचं सगळं या तीन खुणांपासून लांब राहायचं गणित आहे. ओढ्याच्या कडेला चार-पाच मीटरची गवताची पट्टी सोडा, वाळा लावा नाहीतर गजराज गवत, वैरणही होते. शेतातून वाहून आलेली माती त्या गवतात अडकते, आणि स्फुरद (फॉस्फरस) आणि बरीच औषधं मातीच्या कणालाच चिकटून जातात, त्यामुळं माती अडली की तेवढं तरी अडतं. "एवढी जागा वाया" असं आमच्या घरातही झालं होतं, आता म्हैस तेच गवत खाते म्हणून कोण बोलत नाही.

२. सामान आणि कागद

सामान फार नाही: मिली आखलेलं मापाचं भांडं (लहान मापाला दवाखान्यातली सुई काढलेली सिरिंज चालते), औषधासाठीच ठेवलेली एक बादली आणि एक काठी, नायट्राईलचे (रबरासारखे) हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर बाह्यांचा जुना शर्ट, दोन प्रकारचे नोझल, कुलूप असलेली पेटी, एक रिकामं पोतं, एक वही. हातमोजे कापडी घेऊ नका, ते औषध शोषून हाताला लावून ठेवतात.

कागद लागतात ते माती तपासायला आणि रयत संपर्क केंद्रातून (कृषी खात्याचं इथलं ऑफिस) काही घ्यायचं असेल तर: आधार, बँक पासबुक, उतारा आणि फ्रूट्स आयडी, म्हणजे कर्नाटक सरकारचा शेतकरी नोंदणी नंबर. आपल्या कर्नाटकात सातबारा नसतो बरं का, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्यानं पाठवलेली यादी बघून सातबारा शोधत बसू नका. आपल्याकडं पहाणी म्हणजे आर टी सी, नाडकचेरीतून प्रिंट मिळते.

इथला मोठा सापळा नावाचा. उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये एका तऱ्हेनं लिहिलेलं, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेनं, आणि आडनाव एकीकडं आहे तर एकीकडं नाहीच. फ्रूट्समध्ये ते जुळलं नाही की फाईल अडकते. माझे दोन महिने यात गेले. म्हणून हे काम पेरणीच्या गडबडीत काढू नका, उन्हाळ्यात उरकून घ्या. फॉर्म कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर शाळेत शिकणारं घरातलं पोर सोबत न्या, ती पोरं फडाफडा वाचतात.

३. दुकानात बाटली हातात घेऊन वाचा

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. हिरवा म्हणजे बिनविषारी असं नाही, आणि हे त्रिकोण माणसाच्या हिशेबानं आहेत, माशाच्या किंवा मधमाशीच्या नाहीत. माझ्या विहिरीत गेलं ते सायपरमेथ्रिन होतं. माणसाला तुलनेनं कमी घातक, पण त्या जातीची औषधं माशांना आणि खेकड्यांना अगदी थोडी पुरतात. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे धरायला जाता ना, मग ओढ्याच्या बाजूच्या वाफ्यावर काय मारताय ते बघून मारा.

बाटलीवर पीक लिहिलेलं असतं, मात्रा असते, शेवटची तारीख असते, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं तेही असतं. कोबी उद्या मार्केटला न्यायचा आणि आज संध्याकाळी औषध, हे आपल्याकडं किती चालतं ते मी सांगायला नको.

काही नावं पाठ करा. एंडोसल्फान २०११ पासून बंद आहे. फोरेट, म्हणजे म्हातारी माणसं ज्याला थायमेट म्हणतात ते, २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झालं, डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉसही तेव्हाच. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला बंदी आहे. कोणी जुना डबा काढून "हे घे, याच्यासारखं काय नाही" म्हणाला तर हात जोडा आणि निघा. बिल घ्याच. बिल न देणाऱ्याचा माल हद्दीच्या अलीकडचा असो की पलीकडचा, त्यात काय आहे ते देवाला माहीत.

आणि चार औषधांचं कॉकटेल घेऊ नका. किडीचं, बुरशीचं, टॉनिक आणि वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) असं सगळं एका पंपात. कुठली कीड आहे ते न बघता सगळंच मारलं की तीन औषधं फुकट जातात, आणि फुकट गेलेलं कुठं जातं ते चित्रात बघा.

४. एका गुंठ्यावर साधं पाणी मारून हिशेब काढा

औषध उरतं म्हणून सांडतं. उरायलाच नको, तर हिशेब आधी पाहिजे. एक गुंठा मोजा, पंपात साधं पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीनं तेवढ्यावर मारा, आणि किती लिटर गेलं ते बघा.

समजा पाच लिटर गेलं. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे एकरी दोनशे लिटर. लेबलवर एकरी २५० मिली असेल तर लिटरला सव्वा मिली, १६ लिटरच्या पंपाला २० मिली. तुमचा मिरचीचा तुकडा सात गुंठ्यांचा असेल तर ३५ लिटर पाणी लागणार, म्हणजे दोन पंप भरून आणि तिसऱ्यात तीन लिटर. तिसरा पंप पूर्ण भरला की १३ लिटर उरलं. ते मग "टाकून कशाला द्यायचं" म्हणून पुन्हा त्याच मिरचीवर जातं, नाहीतर पाटात.

झाकणानं मापू नका. प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं, आणि आपला "एक झाकण" कधी शिगोशीग तर कधी अर्धं. पीक वाढलं की पाणी जास्त लागतं, तेव्हा ही चाचणी हंगामात दोनदा करा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

५. कालवायची जागा बदला (हे एकच करायचं असेल तर हे करा)

आपण सगळे विहिरीच्या काठावर का कालवतो? कारण पाणी तिथं आहे. बाटलीतलं औषध सगळ्यात जहाल असतं ते तिथंच, पाणी मिसळायच्या आधी. तिथं सांडलेलं दोन चमचे आणि पिकावर उडालेलं दोन पंप यात विहिरीला जास्त धोका कशाचा ते तुम्हीच बघा. वर पंप तिथंच धुतो, हात तिथंच धुतो, वर्षानुवर्षं एकाच जागी. आमच्या विहिरीच्या काठावर एक पट्टा होता जिथं गवतसुद्धा उगवत नव्हतं, आणि बाबा तिथं बसून तंबाखू मळायचे.

मी काय केलं ते सांगतो.

कालवायची जागा विहिरीपासून शंभर फुटांच्या पुढं नेली, उताराच्या खालच्या अंगाला पण ओढ्याकडं न झुकणारी. पाणी आता बॅरलनं तिथं नेतो. पाय दुखतात, खरं आहे.

पाईप बॅरलच्या पाण्यात कधीच बुडवायचा नाही, तोंड वर हातभर धरायचं. आधी साधं पाणी भरायचं, पाईप बाजूला ठेवायचा, मगच औषध ओतायचं. फूटव्हॉल्व्ह बदलला आणि वर एक नॉनरिटर्न (पाणी उलटं येऊ न देणारा) व्हॉल्व्ह बसवला. ठिबकमधून खत किंवा औषध सोडणाऱ्यांनी तर हा व्हॉल्व्ह नसेल तर आजच बघा, कारण लाईट जाणं आपल्या हातात नाही, आणि आपल्याकडं ती कशी जाते ते माहीतच आहे.

कालवायच्या जागी खड्डा करून भरला. ही पद्धत स्वीडनमधल्या शेतकऱ्यांनी १९९३ पासून वापरलेली आहे, तिथं त्याला बायोबेड म्हणतात. अर्धा भाग चिरलेलं काड, पाव भाग कुजलेलं खत, पाव भाग वरची माती, सगळं मिसळून खड्ड्यात. मी काडाच्या जागी भाताचं पिंजर आणि थोडं उसाचं पाचट घातलं. काडावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू औषध हळूहळू तोडतात. तळाला चिकणमाती ठोकून बसवली, म्हणजे खाली झिरपायला नको, आणि वर पत्रा, पावसानं भरून वाहायला नको. पिंजर खचलं की भर घालायची. पत्रा न घातलेला खड्डा आपल्या पावसात आठ दिवसांत डबकं होतो, माझा पहिला झाला होता.

ओतताना वाऱ्याकडं पाठ करा. काठीनं ढवळा, हातानं नको. हे लिहायला लागतंय याचंच वाईट वाटतं, पण मी डोळ्यांनी बघितलंय, कोपरापर्यंत हात घालून ढवळणारे.

६. मारताना: वारा, ऊन, पाऊस

दुसरी माझी चूक इथली. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, कारण गडी तेव्हाच मोकळा होता. आठ दिवसांनी शेजारचे तात्या आले, हातात मिरचीचा शेंडा. "काय मारालास रे उसात? बघ ही पानं, दोरीसारखी झाल्यात." पानं खरंच अरुंद होऊन मुरडलेली. टू-फोर-डी कडक उन्हात वाफ होऊन हलतं, त्यातही एस्टर प्रकार जास्त, आणि मिरची, टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना त्याचा वाससुद्धा पुरतो. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, पण वर्षभर बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

वारा बघायला उदबत्ती लावा. धूर सरळ वर जाऊन तिथंच तरंगत राहिला तरी मारू नका, कारण हवा थांबलेली असली की बारीक थेंब लटकत राहतात आणि भलतीकडं जाऊन बसतात, हिवाळ्यात धुक्याच्या पहाटे हे हमखास. धूर हलका एका बाजूला झुकत असेल आणि ती बाजू विहीर, ओढा किंवा शेजाऱ्याची नसेल तर बरोबर. धूर आडवा झाला की घरी जावा.

तणनाशकाला पंख्यासारखं चपटं फवारणारं नोझल, नोझल जमिनीजवळ, दाब कमी. किडीच्या औषधाला गोल फवाऱ्याचं. एकच पंप दोन्हीला वापरत असाल तर एक दिवस पस्तावणार, शक्यतो तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नोझल अडकलं तर तोंडानं फुंकू नका, जुना दातांचा ब्रश खिशात ठेवा.

फुलोऱ्यात असलेल्या पिकावर सकाळी मारू नका, मधमाश्या असतात. संध्याकाळी, त्या परतल्यावर.

पाऊस चार-सहा तासांत येईल असं वाटलं तर थांबा. मृगात हे जमत नाही, ढग कायमच असतात, तेव्हा लेबलवर किती तास लिहिलंय ते बघा. भाताच्या खाचरात औषध किंवा तणनाशक टाकल्यावर तीन-चार दिवस तरी पाणी बांधून ठेवा, बांधातली पाणी सोडायची वाट, मुसगट, फोडू नका. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात आणि तिथून ओढ्यात, असा सरळ रस्ता असतो त्याला.

७. खताचं वेगळं आहे, ते दिसत नाही

औषध सांडलं तर वास येतो. युरियाचं तसं नाही. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या एका पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. पश्चिमेकडच्या लाल हलक्या जमिनीत आणि तिकडच्या पावसात तर लवकरच. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असं मानक आहे, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं.

उसाला एकदम चार पोती फेकू नका, मोठ्या भरणीपर्यंत (उसाला मातीची भर लावेपर्यंत) चार हप्त्यांत द्या, शक्यतो मातीआड. जोराच्या पावसाच्या आदल्या दिवशी दिलेला युरिया म्हणजे ओढ्याला दिलेला युरिया. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दरवर्षी सवयीनं टाकतो आपण, स्फुरद जमिनीत साठलेलं असतं, ते मातीबरोबर तळ्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी.

म्हणून माती तपासा. आठ-दहा ठिकाणी वाकडंतिकडं फिरत, व्ही आकाराचा खड्डा वीतभर खोल, कडेची माती खुरप्यानं खरवडून घ्या. बांध, झाडाखाली, उकिरड्याची जागा सोडून. सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका, मी भरली होती, रिपोर्ट बघून वाटलं मी श्रीमंत झालो.

८. पंप आणि बाटल्या

बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. त्यामुळं तुम्ही विकत घेतलेलं औषधही पूर्ण वापरलं जातं. मग बाटलीला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे कोणी त्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरणार नाही, आणि कुलपाच्या पेटीजवळ पोत्यात साठवा.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकाम्या डब्यांचं सरळ लिहिलंय: उघड्यावर टाकायचे नाहीत, मोडून वस्तीपासून लांब पुरायचे, पाणी खराब होणार नाही असं बघायचं. जाळू नका, धूर विषारी असतो. भंगारवाल्याला देऊ नका. पुरायच्या आधी दुकानदार परत घेतो का विचारा, काहीजण घेतात. ओढ्याच्या कडेला पुरलेलं पुरात उघडं पडतं, २०१९ च्या पुरानंतर आमच्या शिवारात कोणाकोणाच्या बाटल्या येऊन पडल्या होत्या ते मोजायलाही नको वाटलं. शेडमधली पेटीही तेव्हापासून माळ्याच्या उंचीवर.

पंप धुतलेलं पाणी त्याच पिकाच्या शेवटच्या, मुद्दाम सोडलेल्या ओळीवर मारा. उरलंच तर कालवायच्या जागच्या पिंजराच्या खड्ड्यात. ओढ्यात पंप बुचकळायचा नाही, जनावरं धुतात तिथं तर नाहीच.

९. सांडलं किंवा अंगात गेलं तर

जमिनीवर सांडलं तर पाणी ओतू नका, ते पसरतं. कोरडी माती नाहीतर लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, खोऱ्यानं भरून खड्ड्यात. माणसाला त्रास झाला, लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, तर कपडे काढा, साबणानं धुवा, १०८ ला फोन, आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरला औषधाचं नाव कळलं की उपाय ठरतो. मीठपाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उद्योग नको. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, नंबर १८०० ११६ ११७, फोन पैसे न लागता लागतो.

१०. वही, शेजारी, आणि पाण्याची बाटली

वहीत तारीख, तुकडा, औषध, किती, वारा कुठला. दुसऱ्या वर्षी बघितलं तर कळलं, सहा फवारण्यांतल्या दोन मी नुसत्या शेजारी मारतोय म्हणून मारल्या होत्या.

तणनाशक मारायच्या आदल्या दिवशी बांधाला लागून असणाऱ्यांना फोन करा. तात्यांना मी आता करतो. ते म्हणतात, "मार की, मला काय विचारालास," आणि मग पाच मिनिटांनी परत फोन करून वारा कुठला आहे ते विचारतात.

विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, पावसाआधी आणि पावसाळा संपताना. जलजीवन मिशनमधून पंचायतींना पाणी तपासायचं किट दिलेलं आहे, त्यात नायट्रेट कळतं, औषधाचे अंश मात्र त्यात कळत नाहीत, त्याला मोठी लॅब लागते. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, त्याच दिवशी न्या. औषधाची जुनी बाटली धुऊन त्यात पाणी नेऊ नका, हसू नका, आमच्याकडं एकानं नेलं होतं. आणि जायच्या आधी पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) फोन करा, किट कपाटात आणि कपाटाची चावी दुसऱ्याकडं असं होतं, मला दोन फेऱ्या पडल्या.